ब्लोअरच्या हँडलवरचं लाल कुलूप

मंडळी, मी या सदराची जुनी वाचक आहे, पण खरं सांगू का, वाचायचे ते हसायला. कुणाच्या घरातला दिवा आपोआप लागतो, कुणाचा पंखा आपोआप फिरतो... आणि खाली ओळीने 'अंगावर काटा आला'च्या कॉमेंट्स. मला वाटायचं, या सगळ्यांना एकेक टेस्टर भेट पाठवावा. दिवा आपोआप लागला? लूज कनेक्शन. विषय संपला. माझे बाबा इचलकरंजीत वायरमन आहेत आणि मी स्वतः इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय. गल्लीत लाइट गेली की लोक देवाचा धावा करायच्या आधी आमची कडी वाजवायचे, अशा घरात मी वाढले.

तर आता हसायची पाळी तुमची. हसा बिनधास्त. फक्त शेवटपर्यंत वाचून मग हसा, एवढंच म्हणणं आहे.

यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, पांढरी साडी तर नाहीच. भर दुपारची गोष्ट आहे, ट्यूबलाइटच्या लखलखाटात, आजूबाजूला शंभरेक माणसं असताना घडलेली.

जागा — चेन्नईच्या बाहेर, श्रीपेरुंबुदूर. गाड्यांचे बंपर रंगवणारी एक कंपनी. नाव लिहीत नाही. भीती वगैरे नाही, संपादकांचा नियम आहे म्हणून. गेल्या वर्षी जुलैमध्ये मी तिथे इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला अप्रेंटिस म्हणून लागले. घरी काय आनंद! बाबांनी शेजारीपाजारी पेढे वाटले. पोरगी मद्रासला गेली, मोठ्या कंपनीत इंजिनिअर होणार म्हणून. इंजिनिअर! पहिला महिनाभर मी पॅनलमधली धूळ ब्रशने झाडत होते. बायकांच्या मापाचे सेफ्टी शूज स्टोअरमध्ये नव्हते, म्हणून पुरुषांचे बूट दोन-दोन मोजे घालून ओढत चालायचे. भिंतीवर मोठ्या अक्षरांत बोर्ड होता, 'तुमची सुरक्षितता हीच आमची संपत्ती'. त्या बोर्डाखालचा सॉकेट तुटलेला होता. तो मीच बदलला, तिसऱ्यांदा सांगितल्यावर.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. कारखान्यात एखाद्या मोटरवर काम करायचं असेल तर तिचा स्विच लांब, वेगळ्या खोलीत असतो. तिला एमसीसी रूम म्हणतात, कपाटांसारखी पॅनलं रांगेने उभी असतात. तुम्ही तिकडे जाऊन हँडल फिरवून सप्लाय बंद करता, आणि त्या हँडलला स्वतःचं कुलूप घालता. कुलपाला तुमच्या नावाचा टॅग. किल्ली तुमच्या खिशात. कारण तुम्ही इकडे मोटरवर हात घालून बसलेले असताना तिकडे दुसऱ्या कुणी हँडल फिरवलं तर तुमचा कोळसा होतो. दुसऱ्याचं कुलूप कुणी काढायचं नाही, मग तो प्लँट हेड का असेना. या धंद्यात याच्याइतका पवित्र नियम दुसरा नाही.

पहिल्या आठवड्यात मी नटराजन सरांकडे गेले. हे आमचे मेंटेनन्सचे इनचार्ज. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, शर्टाची इस्त्री सकाळपासून संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी.

"सर, माझं कुलूप मिळालं नाही अजून."

"कुलूप एम्प्लॉयीला देतात. यू आर एम्प्लॉयी?"

"नाही सर, अप्रेंटिस."

"मग? सेल्वमच्या कुलपाखाली काम कर."

"पण सर, ट्रेनिंगच्या व्हिडिओत तर प्रत्येकाचं वेगळं..."

"तो व्हिडिओ ऑडिटसाठी आहे," सर म्हणाले आणि फोन कानाला लावला.

त्याच नटराजन सरांनी आदल्या दिवशी आम्हा नव्या पोरांना एक किस्सा सांगितला होता. दोन वर्षांपूर्वी एक अप्रेंटिस कुलूप न लावता मोटरवर काम करायला गेला आणि जागच्या जागी मेला. "प्युअर केअरलेसनेस. त्याचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा." आम्ही माना हलवल्या. केबिनमधून बाहेर पडल्यावर माझ्या डोक्यात आलं, अरे, अप्रेंटिसला कुलूपच देत नाहीत, तर त्या बिचाऱ्याने लावायचं काय होतं... डबा?

सेल्वम अण्णाला विचारलं. सेल्वम अण्णा म्हणजे ज्याच्या हाताखाली मी होते तो टेक्निशियन. पन्नाशीचा, पान खाणारा, मनाने चांगला पण साहेबासमोर शेळी. आमचं बोलणं म्हणजे तमिळ, हिंदी आणि इंग्लिशची भेळ. इथे मी ते मराठीतच लिहितेय.

"अण्णा, तो मुलगा कोण होता?"

"विडु मा, सोड ते. पाना दे इकडे."

बास. मी पाना दिला.

ऑक्टोबर आला. तिकडे नवमीला आयुधपूजा असते, म्हणजे आपली खंडेनवमी. पण आपल्याकडे कारखान्यात एक हार घालतात, पेढा देतात आणि चालू पडतात. तिथे नाही. आधी दोन दिवस सगळी मशिनं घासूनपुसून चकाचक. दाराला केळीचे खुंट. प्रत्येक मशिनला, प्रत्येक पॅनलला, अगदी झाडूलासुद्धा चंदनाचा लपका आणि त्यावर कुंकवाचा टिळा. आणि सगळी हत्यारं मांडवात देवीसमोर मांडायची — पाने, पकडी, मीटर, आणि हो, कुलुपं. सगळ्यांची पिवळी कुलुपं एका परातीत. एकदा पूजेला ठेवलं की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. हत्याराचा विसाव्याचा दिवस म्हणे. मला ते फार आवडलं होतं. म्हटलं, माणसाला नाही तर नाही, पान्याला तरी सुट्टी आहे इथे.

पूजा अकराच्या सुमारास झाली. चुरमुरे-फुटाणे, गूळ, केळी वाटली. त्या दिवशी लाइन बंदच ठेवायची असते, पण ऑर्डर तुंबलेली. तेव्हा ठरलं असं, की प्लँट हेड जेवणानंतर येणार, गेटवर कोहळा फुटणार, आणि चांगल्या मुहूर्तावर लाइन सुरू करून द्यायची. देवही खूश, कस्टमरही खूश.

आणि नेमका ओव्हनचा ब्लोअर रुसला. ट्रायल घेतली की ट्रिप. रंग वाळवायच्या भट्टीत गरम हवा फिरवणारी ती मोटर, ती नाही तर लाइन नाही. अण्णाने वर जाऊन बघितलं. मोटरच्या टर्मिनलला एक लग, म्हणजे वायरच्या टोकाचा तांब्याचा तुकडा, जळलेला होता. नवा लग बसवायचा, बोल्ट आवळायचे. काम अर्ध्या तासाचं.

नटराजन सर घड्याळाकडे बघत उभे. "लवकर. प्लँट हेड निघालेत."

अण्णा डोकं खाजवत म्हणाला, "सर, कुलुपं पूजेत आहेत. उद्यापर्यंत हात लावता येत नाही."

"मग बोर्ड लाव. इतकं काय?"

आणि अण्णाने, वीस-बावीस वर्षं या कामात घालवलेल्या माणसाने, मान डोलावली. देवीच्या परातीतलं कुलूप उचलणं त्याला जिवावर आलं. माझा जीव बोर्डावर टांगणं नाही आलं. मी पण तिथेच होते. मी म्हटलं, "अण्णा, परातीतलं एक घेऊ या ना, देवी काही रागवत नाही." तो जीभ चावून म्हणाला, "तप्पु मा, पाप लागतं." सर म्हणाले, "यू, आर्ग्यू करू नकोस. वर जा."

मी डोळ्यांनी बघितलं — अण्णाने ब्लोअरचं हँडल बंद केलं, सुतळीने 'काम चालू आहे'चा पत्र्याचा बोर्ड अडकवला. त्या वेळी त्या हँडलवर बोर्डाशिवाय काही नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा. मी टेस्टरने सप्लाय गेल्याचं तपासलं आणि ओव्हनच्या डोक्यावरच्या प्लॅटफॉर्मवर चढले. अण्णाही मागून आला. जरा वेळाने खालून हाक आली, कोहळा उचलायला माणूस हवा. अण्णा आपला वॉकीटॉकी माझ्याजवळ ठेवून उतरला. "तू आवळ मा, मी आलोच."

पुढचं ऐका. मी दोन्ही हात टर्मिनल बॉक्समध्ये घालून बसले होते. डाव्या हातात लग धरलेला, उजव्या हातात पाना. जागा इतकी अडचणीची की हात बाहेर काढायचा तर आधी कोपर वाकडं करायला लागायचं. आणि वॉकीटॉकीवर नटराजन सरांचा आवाज आला. तमिळमध्ये, अगदी खुशीत — "मेन गेट, प्लँट हेड आले. मी ब्लोअर ऑन करतोय."

तुम्हाला वाटेल मी ओरडले असेन. नाही. तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. हात पण हलेनात. डोक्यात काय आलं सांगू? बाबांनी वाटलेले पेढे. बस, तेवढंच. मी त्या बोल्टकडे बघत बसले आणि वाट बघत राहिले.

काही झालं नाही.

वॉकीटॉकी खरखरला. पुन्हा सरांचा आवाज, आता चिडलेला. "यार पूट्टु इदु? कुणाचं कुलूप आहे हे?"  बटण बहुतेक दाबलेलंच राहिलं होतं, त्यांचा श्वास ऐकू येत होता. आणि मग अगदी हळू, स्वतःशी बोलल्यासारखं — "मरुबडियुमा?"

तमिळ मला तोवर कामापुरतं कळायला लागलं होतं. मरुबडियुमा म्हणजे, परत?

मग खालून अण्णाचा टाहो. "सर! ऑन करू नका! पोरगी वर आहे! पोरगी वर आहे सर!"

मी कशी उतरले ते मला आठवत नाही. एमसीसी रूमच्या दारात पाच-सहा जण जमलेले. बोर्ड खाली फरशीवर पडलेला. प्लँट हेड यायच्या आधी राहिलेल्या हँडलला चंदन लावायला म्हणून सजावट करणाऱ्या कुणीतरी तो काढला आणि परत लावलाच नाही. चंदन मात्र व्यवस्थित लावलं होतं. बोर्ड नाही, अण्णा खाली, म्हणजे काम झालं असं सरांनी धरलं. आणि हँडलला... कुलूप.

कंपनीची कुलुपं पिवळी. हे लाल होतं. साधं, बाजारातलं. बंद, अख्खं, हँडलच्या भोकातून आरपार. त्याला सुतळीने बांधलेला प्लास्टिकचा टॅग, त्यावर काळ्या मार्करने इंग्रजीत नाव — रघोत्तम राव. खाली 'अप्रेंटिस'.

आणि एक गोष्ट, जी बाकी कुणाच्या लक्षात आली नाही, माझ्या आली. त्या खोलीत सगळीकडे चंदन आणि त्यावर कुंकू होतं. त्या कुलपावर चंदन नव्हतं. हळद होती, हळदीवर कुंकू, आणि वर चार अक्षता चिकटलेल्या. आमच्या घरी बाबांच्या पकडीला आई लावते तसं. हळद ओली होती. मी बोट लावून बघितलं.

अण्णाने टॅग वाचला आणि तो तिथेच खाली बसला. नटराजन सरांचा चेहरा तर... विभूतीचा आणि कातडीचा रंग एक झाला होता. पण मोठ्या खुर्चीतली माणसं लवकर सावरतात. ते माझ्याकडे वळले.

"हा चावटपणा तू केलास. कुलूप पाहिजे म्हणून मागे लागली होतीस ना? किल्ली दे."

"सर, मी वर होते. मला हे नाव पण माहीत नाही. आणि हे कुलूप नसतं तर मी आत्ता..."

"किल्ली नाही? मग कटर आणा."

मी म्हटलं, "सर, माझं काम झालेलं नाही अजून."  त्यांनी ऐकलंच नाही. कटर आणणाऱ्या पोराला कापू दिलं नाही, स्वतः हातात घेतला. हे कुलूप कंपनीचं नाही, म्हणून ते कुलूपच नाही, असं काहीसं बोलत होते. एका दणक्यात कडी तोडली. काही माणसं पहिल्यांदा कटर धरतात तेव्हा दोन-तीनदा जागा बदलून बघतात. यांना बघावं लागलं नाही.

टॅगसकट कुलूप भंगाराच्या डब्यात गेलं. अण्णाने स्वतः वर चढून लग बसवला. अर्ध्या तासाने कोहळा फुटला, टाळ्या झाल्या, लाइन सुरू झाली आणि प्लँट हेडनी सगळ्यांबरोबर फोटो काढला. त्या फोटोत मी आहे. शेवटच्या रांगेत, हातात केळं धरून.

फोटो झाल्यावर मी भंगाराच्या डब्यातून कुलूप काढून माझ्या जेवणाच्या पिशवीत टाकलं.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये अण्णा माझ्या शेजारी येऊन बसला. पानाची पुडी उघडली, तशीच परत खिशात घातली. मग बोलला.

"तो तुमच्यातलाच, मा. मराठी. पण इथला. घरात तुमची भाषा, बाहेर आमची."

मला वाटायचं राव म्हणजे तेलुगू असेल. अण्णाने सांगितलं ते असं. तंजावरकडचं मराठी घर, वडील नाहीत, आई चेन्नईतच एग्मोरला राहते. रघोत्तमने पण कुलूप मागितलं होतं, त्याला पण तेच उत्तर मिळालं होतं. पण तो माझ्यापेक्षा शहाणा निघाला, त्याने स्वतः बाजारातून आणलं. लाल.

"सर ओरडायचे, हे अनधिकृत आहे म्हणून. तो ऐकायचा नाही. रोज लावायचा."

"मग त्या दिवशी?"

"मी गावी होतो. आलो तर सगळे म्हणाले, त्या दिवशी लावायला विसरला. मलाही तेच खरं वाटलं, मा... माणूस विसरतो."

"आणि त्याचं कुलूप कुठे गेलं?"

"सापडलंच नाही," अण्णा म्हणाला. मग तोंडावर रुमाल धरून रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही. दुपारी त्याने मला बोर्डाच्या भरवशावर वर पाठवलं होतं.

पुढच्या रविवारी मी एग्मोरला गेले. पत्ता अण्णानेच दिला. स्टेशनच्या मागच्या बाजूला एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार उघडलं ते साठीच्या, नऊवारीसारखी चापूनचोपून साडी नेसलेल्या बाईंनी. कमलाबाई. मी मराठीत बोलले तशा त्या एकदम थबकल्या. त्यांची मराठी ऐकून मीही थबकले. शब्द आपलेच, चाल मात्र तमिळ, आणि मधूनच एखादा शब्द असा की जुन्या पोथीतच भेटावा.

"यें, आंत यें. बैस. कोठून आलीस? सापाड जाहलें का?"

म्हणजे जेवण झालं का. मी म्हटलं, झालं. मी कुठे काम करते ते सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम कठोर झाला.

"त्या कंपनीचें माणूस माझ्या घरांत नको."

"आई, मी कंपनीची नाही. मी पण अप्रेंटिसच आहे."

तेव्हा त्या बसल्या. मी विचारलं, रघोत्तमचं काय झालं होतं. त्या भिंतीकडे बघत बोलायला लागल्या.

"कुलूप लावलें नाहीं म्हणून सांगिटलें त्यांनी. तुमच्या पोराचीच चूक म्हणून सांगिटलें. सगळ्या नातेवाइकांत तेंच जाहलें. रघूला लक्ष नव्हतें, फोन पाहत असेल, म्हणून बोलतात. माझा रघू लहानपणापासून गॅसचा नॉब तीनदां पाहून झोपणारा पोर."

"त्याचं कुलूप कसं होतं?"

"लाल. नवमीला आणलें. अम्मा, माझें आयुध हेंच, म्हणाला. मी हळदकुंकू लावून, अक्षता टाकून दिलें. दसऱ्याला घेऊन गेला. दिवाळी पाहिली नाहीं त्यानें."

मंडळी, माझ्या मांडीवरच्या पिशवीत ते कुलूप होतं.  मी विचारलं, किल्ली आहे का त्याची?

त्या उठल्या आणि देव्हाऱ्यातून एक छोटी किल्ली घेऊन आल्या. त्याच्या पँटच्या खिशातून निघाली होती, हॉस्पिटलने घड्याळाबरोबर परत दिली. दर नवमीला त्या तिची पूजा करतात. परवाही केली होती. किल्लीवर हळदकुंकू होतं, आणि एक अक्षत अजून चिकटलेली.

मी पिशवीतून कुलूप काढून त्यांच्यासमोर ठेवलं. टॅगवरचं अक्षर बघून त्यांनी तोंडावर हात घेतला. मी किल्ली घातली. फिरली. तुटक्या कडीचा उरलेला तुकडा टक्कन वर उडाला.

इलेक्ट्रिशियन असाल तर एव्हाना तुम्हाला कळलं असेल. नसाल तर सांगते. विसरलेलं कुलूप किल्लीसकट पेटीत पडलेलं असतं. किल्ली खिशात आणि कुलूप जवळ नाही, याचा अर्थ एकच... कुलूप हँडलवर होतं. त्याने लावलं होतं. किल्ली खिशात टाकून, नियमाने, तो कामाला गेला होता. आणि मागाहून कुणीतरी ते कापलं. अनधिकृत होतं ना. कंपनीचं नव्हतं ना. नटराजन सर वॉकीटॉकीवर 'परत?' असं का म्हणाले ते मला त्या क्षणी कळलं.

मी कमलाबाईंना सगळं सांगितलं, माझ्या हातांपासून त्या कटरपर्यंत. मला वाटलं होतं त्या रडतील, मला जवळ घेतील, रघू तुला वाचवायला आला म्हणतील. सिनेमात तसं असतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि त्या नजरेत मला राग दिसला. खरा राग, माझ्यावरचा.

"तुझ्यासाठीं राहिलें," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरासाठीं कां राहिलें नाहीं?"

 मी कुलूप त्यांच्यापुढे सरकवलं. मग त्याच उठल्या, आत जाऊन कॉफी करून आणली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते लिहिताना माझा बीपी वाढतो. दुसऱ्या आठवड्यात मला काढलं. कारण — शिस्तभंग, अनधिकृत कुलूप वापरून उत्पादनात अडथळा. कमलाबाईंच्या नात्यातले एक वकील आहेत, त्यांच्याकडे आम्ही दोघी गेलो. भला माणूस. सगळं शांतपणे ऐकलं, कुलूप-किल्ली हातात घेऊन बघितली. मग मला विचारलं, "हे कुलूप तुमच्याकडे कसं आलं?"

"भंगारातून."

"त्याआधी?"

"ब्लोअरच्या हँडलवरून."

"तिथे कुणी लावलं?"

मी टॅगवरचं नाव दाखवलं. ते म्हणाले, "समोरचा वकील हाच एक प्रश्न विचारेल. तुम्ही खरं उत्तर दिलंत तर लोक हसतील. आणि नाही दिलंत तर ते म्हणतील तुम्हीच बनवून आणलं." सेल्वम अण्णा साक्ष देईल का? नाही दिली. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

बघा कसं आहे. रघोत्तमने कुलूप लावलं होतं याचा जगात एकच पुरावा आहे, आणि तो असा आला आहे की कुणाला दाखवता येत नाही. मी आयुष्यभर तुम्हा लोकांना हसले, त्याची ही परतफेड असावी. नटराजन सर अजून तिथेच आहेत. नव्या बॅचला अजून तोच किस्सा सांगतात, असं अण्णा फोनवर म्हणाला. प्युअर केअरलेसनेस.

माझा भाऊ म्हणतो, कुणीतरी कापलेलं जुनं कुलूप लपवून ठेवलं असेल आणि त्या दिवशी आणून लावलं असेल. ठीक. मग ते हँडलवर अख्खं कसं होतं? दोनदा कापलेल्या कुलपावर दोन घाव हवेत. मी भिंगाखाली बघितलं आहे, घाव एकच आहे. बरं, सारखं दिसणारं दुसरं कुलूप म्हणावं, तर किल्ली कशी फिरली? आणि ओली हळद? भाऊ म्हणतो, सोड आता. सगळे तेच म्हणतात.

मी आता ओरगडमजवळ दुसऱ्या एका कंपनीत आहे. लहान कंपनी आहे, पण पहिल्या दिवशी माझ्या नावाचं कुलूप हातात दिलं. मी वेड्यासारखी रडले, स्टोअरवाल्याला काही कळेना. कुलूप आणि किल्ली कमलाबाईंकडे देव्हाऱ्यात आहेत. मी अधूनमधून रविवारी जाते. त्या रागावलेल्याच असतात, पण डबा भरून देतात.

यंदाच्या नवमीला संध्याकाळी त्यांचा फोन आला. सकाळी त्यांनी ताटात कुलूप आणि किल्ली मांडली, हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि फुलं आणायला आत गेल्या. परत येऊन पाहतात तर ताटात फक्त किल्ली. घरात दुसरं कुणी नाही. दार आतून बंद. सगळं घर पालथं घातलं. दिवे लावायच्या वेळेला कुलूप ताटात होतं, जिथे ठेवलं होतं तिथेच. कडी तुटलेली, जशी होती तशीच. फक्त त्याला काळं ग्रीस लागलं होतं.

"मशिनाचें ग्रीस आहे तें," कमलाबाई म्हणाल्या. "मी धुतलें नाहीं. रघूच्या कपड्यांना हाच वास यायचा."   मग त्यांनी विचारलं, "आज तें कोणासाठीं गेलें असेल?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत, आई." आणि खरंच नाही माहीत.  मला एवढंच कळतं, की यंदाही कुठेतरी, कुठल्यातरी पोराला किंवा पोरीला कुलूप न देता वर पाठवलं होतं.